ड्राय सिरप : पावडर आणि पाणी वेगळं का देतात?

खोपोलीतल्या मेडिकलमधून लहान भावंडासाठी अँटिबायोटिक आणलं, तर बऱ्याचदा खोक्यात दोन वस्तू निघतात: पावडरची बाटली आणि शुद्ध पाण्याची प्लास्टिकची कुपी. हेच ड्राय सिरप.

आधीच मिसळून का विकत नाहीत? अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांचे रेणू पाण्यात हळूहळू तुटतात. त्यात दुसरं जास्त नाजूक. कोरडी पावडर कित्येक महिने टिकते. मिसळल्यावर मात्र हे औषध साधारण ७ दिवसच चालतं, तेही फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेला लसही अशीच पावडर आणि द्रव वेगवेगळे ठेवून येते. मिसळल्यावर ती ६ तासांच्या आत वापरावी लागते.

मिसळायचं कसं?

१. बाटली हातावर आपटून पावडर मोकळी करा.
२. थोडं पाणी घालून जोरात हलवा.
३. फेस बसला की खुणेपर्यंत पाणी घाला, पुन्हा हलवा.

खोक्यावर वेगळी पद्धत असेल तर तीच पाळा. पाणी जास्त झालं तर डोस कमी पडतो, कमी झालं तर जास्त जातो. प्रत्येक डोसआधीही बाटली हलवायची, कारण पावडर तळाशी बसते.

मिसळल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि मोबाईलवर ७ दिवसांचा रिमाइंडर लावा. उरलेलं औषध पुढच्या तापासाठी ठेवू नका. खोक्यावरची एक्स्पायरी कोरड्या पावडरची असते, मिसळलेल्या औषधाची नाही.