मालवाहू जहाजांची जलाभेद्यता

हजारो टनांचे पोलादी जहाज पाण्यावर तरंगते, ते पोलाद हलके असते म्हणून नव्हे, तर जहाजाच्या पोटातील पोकळीत पाणी शिरू दिले जात नाही म्हणून. ही पोकळी बंदिस्त राहते तोवर जहाज आपल्या एकूण भाराइतके पाणी बाजूला सारून तरंगत राहते. एक घनमीटर समुद्रजल आत शिरले, की सुमारे १,०२५ किलोंचा अनाहूत बोजा वाढतो. शिवाय हे पाणी स्थिर राहत नाही. जहाज ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला ते धावते आणि कल वाढवते.

नौवहनात बंदिस्तपणाचे दोन प्रकार मानले जातात. जहाजाचा तळ, बाजू आणि माल ठेवण्याच्या दोन होल्डमधील भिंती यांनी पाण्याचा दाब कोणत्याही बाजूने आला, तरी तो सोसला पाहिजे. डेकवरील हॅचची झाकणे, दारे आणि वायुनलिका यांनी वादळी लाटांतही पाणी आत येऊ देता कामा नये. जहाजाचा घात बहुधा या दुसऱ्या प्रकारातील लहानसहान जागांतून होतो.

'डर्बीशायर'चा धडा

याचे सर्वांत दारुण उदाहरण म्हणजे 'डर्बीशायर' हे ब्रिटिश जहाज. १९७६ मध्ये बांधलेले, सुमारे २९४ मीटर लांबीचे हे जहाज कॅनडाहून दीड लाख टनांहून अधिक लोहखनिज घेऊन जपानकडे निघाले होते. सप्टेंबर १९८० मध्ये 'ऑर्किड' या वादळात ते ४४ जणांसह बुडाले. मदतीची हाकही कोणाला ऐकू आली नाही.

लोहखनिज जड असल्याने ते जहाजाची भारक्षमता लवकर संपवते. होल्डमधील बरीच जागा मात्र रिकामीच राहते. पाणी शिरल्यास ते मावायला तेथे भरपूर वाव असतो. म्हणूनच अशी जहाजे काही मिनिटांत दिसेनाशी होऊ शकतात.

मृतांच्या कुटुंबीयांनी चौकशीचा पाठपुरावा सोडला नाही. १९९४ मध्ये सुमारे चार किलोमीटर खोलीवर जहाजाचे अवशेष सापडले. नाळेकडील भांडारकक्षाचे झाकण खलाशांनी नीट बंद केले नसावे, असा ठपका १९९८ मधील अहवालाने ठेवला. २००० मध्ये फेरचौकशीच्या निकालाने तो पुसला. डेकच्या पुढील भागातील वायुनलिका लाटांनी उखडल्या, तेथील कक्षांत पाणी साठत गेले, नाळ खाली झुकली आणि अखेर पहिल्या हॅचचे झाकण लाटांच्या भाराखाली कोसळले, असा निष्कर्ष निघाला. दोष झाकणाच्या अपुऱ्या मजबुतीत होता.

या प्रकारच्या जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम पुढे कडक झाले. जुलै २००४ पासून होल्डमध्ये पाणी शिरल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. २००५ पासून नव्या जहाजांच्या हॅच झाकणांसाठी मजबुतीचे निकष वाढवण्यात आले.

निगा आणि तपासणी

नियम कितीही कडक असले, तरी खरी भिस्त नित्याच्या देखभालीवर असते. झाकणाच्या कडेची रबरी पट्टी कालांतराने ताठर होते. तिच्यावर रंग चढला तर लवचिकता जाते. ती जिथे टेकते ती पोलादी पट्टी गंजते. मालाचे खडे फटीत अडकतात. पाणी वाहून नेणाऱ्या नळीची एकदिशा झडप तुंबते. पूर्वी झाकणावर जोरदार फवारा मारून गळती पाहत. आता होल्डमध्ये श्राव्यातीत ध्वनीचा प्रक्षेपक ठेवून बाहेर त्याची चाहूल घेतली जाते. माल भरलेला असतानाही ही चाचणी करता येते.

थोडीशी गळतीही महागात पडते. तांदूळ, साखर, सिमेंट यांचे नुकसान होते, तर स्पंज आयर्न ओले झाल्यास स्फोटक हायड्रोजन वायू निर्माण होतो.

मुंबईकरांना हा विषय परका नाही. ऑगस्ट २०११ मध्ये इंडोनेशियाहून गुजरातमधील दहेजकडे निघालेले 'रॅक कॅरियर' हे कोळशाने भरलेले जहाज पाणी शिरल्याने मुंबईजवळच्या समुद्रात बुडाले. त्यावरील ३० जणांना वाचवण्यात यश आले. तेलाचा तवंग मात्र किनाऱ्यापर्यंत आला. बंदर सोडण्यापूर्वी रबरी पट्टी, झडप आणि झाकण तपासण्यास लागणारा वेळ या किमतीपुढे नगण्यच ठरतो.