पुण्याची सायकल : एका नागर संस्कृतीची भरती आणि ओहोटी

सायकल भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. परंतु तिला निरनिराळ्या भाषिक समाजांनी निरनिराळे अर्थ दिले. बंगालमध्ये ती प्रवासवर्णनाची सहचरी झाली. बिमल मुखर्जी १९२६ मध्ये कलकत्त्याहून सायकलीवर जगप्रवासास निघाले आणि १९३७ मध्ये परतले. रामनाथ बिश्वास यांनी १९३१ मध्ये सिंगापूरहून आरंभ केला. या दोघांच्या लेखनात सायकल ही घर सोडण्याची खूण आहे. पुण्यात तिचा अर्थ घर आणि काम यांमधल्या दोन-चार मैलांत घडला.

'सायकलींचे शहर' ही ओळख पुण्याला कोणत्याही योजनेने दिली नव्हती. पेठांमधली दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, नदीपलीकडची महाविद्यालये आणि खडकीचा दारूगोळा कारखाना हे सारे पायडलाच्या टप्प्यात होते. प्राध्यापक, कारकून, कामगार, दूधवाला आणि विद्यार्थी एकाच रस्त्यावर एकाच वेगाने चालत. ज्याच्यापाशी स्वतःची सायकल नसे, त्याच्यासाठी तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. 'डबलसीट', 'पंक्चर', 'हवा भरणे', 'दिवा नसणे' या शब्दांभोवती आठवणींचे आणि विनोदाचे एक दालनच मराठीत उभे राहिले. या व्यवहारात वर्गभेद मिटला नव्हता. रस्त्यावर तो झाकला मात्र जात असे.

स्त्रियांच्या संदर्भात ही गोष्ट अधिक अर्थपूर्ण ठरते. पुण्यातील मुली सायकलीवर आल्या त्या शाळा-महाविद्यालयांच्या वाटेने, म्हणजे शिक्षणाच्या मागोमाग. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीने हजारो ग्रामीण स्त्रियांना अक्षरांबरोबरच सायकलही शिकवली. तेथे सायकल ही जाहीर मुक्तीची घोषणा होती. पुण्यात ती हळूहळू अंगवळणी पडलेली सवय होती. घोषणेचा इतिहास नोंदला जातो, सवयीचा बहुधा राहून जातो.

ओहोटीची बीजे शहराच्या समृद्धीतच होती. १९६१ च्या पानशेत पुरानंतर वस्ती पेठांबाहेर पसरली, पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीने कामाची ठिकाणे दूर नेली. १९७२ मध्ये बाजारात आलेली 'लूना' या संक्रमणाचे बोलके प्रतीक आहे : पायडल असलेली, तरीही इंजिनावर धावणारी. त्याच वर्षीची आकुर्डीची 'चेतक' मध्यमवर्गाची आकांक्षा बनली. अंतर वाढले आणि वेग हीच प्रतिष्ठा ठरली. सायकलीवर उरला तो ज्याला दुसरा पर्याय नव्हता; 'सायकलवाला' या साध्या शब्दाला गरिबीची छटा आली.

धोरण आले ते या अर्थांतरानंतर. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या वहनाला प्राधान्य दिले. त्याच वर्षी पुण्यात सुरू झालेल्या जलद बस मार्गालगत सायकलपथही आखले गेले. त्यांपैकी कित्येक पुढे पार्किंगने आणि पथाऱ्यांनी व्यापले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखड्यास मान्यता दिली. त्याच सुमारास विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये मोबाइलवरून भाड्याने मिळणाऱ्या सायकली अवतरल्या. प्रारंभीचा उत्साह मोठा होता, पण थोड्याच वर्षांत त्या रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. तासाच्या भाड्याच्या जुन्या दुकानाची ही नवी आवृत्ती होती. परंतु जुन्या दुकानामागे मालकाची ओळख, कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला आणि रोजचे गिऱ्हाईक होते, नव्या व्यवस्थेपाशी मुख्यत्वे यंत्रणा होती.

तात्पर्य, सायकलपथ ही सायकल-संस्कृतीची आवश्यक अट असली तरी पुरेशी अट नव्हे. जुन्या पुण्यात स्वतंत्र पथ नव्हते. रस्ताच सायकलीचा होता, कारण सर्व थरांतील माणसे त्यावर होती. आज पहाटे व्यायामासाठी महागड्या सायकली बाहेर पडतात आणि त्याच वेळी कामावर निघालेला मजूर जुन्या सायकलीवरून त्यांच्या शेजारून जातो. वाहन एकच, अर्थ दोन. हे दोन अर्थ पुन्हा एका रस्त्यावर आणि एका शब्दात नांदू शकले, तरच 'सायकलींचे शहर' ही उपाधी स्मरणरंजनाच्या पलीकडे जाईल.