पोथ्या मोजाव्यात की तोलाव्यात?

महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे विसाव्या शतकातील भारतीय विद्येचे एक थोर कार्य होय. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ते १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये तडीस नेले. या कार्याचा गौरव पुष्कळ झाला. परंतु त्यामागील विचारपद्धतीची चर्चा संस्कृतज्ञांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच झाली. एकाच गोष्टीविषयी परस्परविरोधी अशी अमाप सामग्री समोर आली असता ग्राह्य काय आणि अग्राह्य काय हे कसे ठरवावे, या प्रश्नाचे एक सुविचारित उत्तर त्या पद्धतीत आहे. माहितीच्या पुरात गांगरलेल्या आजच्या वाचकालाही ते उपयोगी पडण्यासारखे आहे.

या कार्यात एकूण १,२५९ पोथ्यांचा उपयोग झाला. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतील या पोथ्यांत श्लोकांची संख्या सारखी नव्हती, त्यांचा क्रम सारखा नव्हता आणि शब्दांत तर पदोपदी भेद होता. संपादकांपुढील अडचण सामग्रीच्या विपुलतेची होती. पोथी लिहिणारा बहुधा श्रद्धाळू मनुष्य असे. दुसऱ्या पोथीत एखादी कथा अधिक आढळली, तर ती सोडून देणे त्याच्या जिवावर येई. तो ती आपल्या पोथीत उतरून घेई. अशा रीतीने ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या फुगत गेला. मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीस राहून लेखन करणारे नीलकंठ चतुर्धर यांनी निरनिराळ्या प्रदेशांतील पोथ्या जमवून पाठ सिद्ध केला व त्यावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. पुढे छापखान्यांनी हाच पाठ वारंवार छापला. जे सर्वत्र मिळते तेच प्रमाण, अशी समजूत त्यातून दृढ झाली.

१९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृत विद्या यांचे शिक्षण त्यांनी घेतले होते. प्रत्येक पोथीविषयी त्यांचा पहिला प्रश्न असे, तो तिच्या कुळाचा. दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच चूक किंवा एकच वाढीव मजकूर असेल, तर त्यांचे मूळ एक असण्याचा संभव मोठा. एका पोथीवरून शंभर नकला झाल्या, तरी त्या शंभरांची मिळून साक्ष एकच धरली पाहिजे. म्हणून पोथ्यांची केवळ गणती निरुपयोगी ठरते. त्या तोलाव्या लागतात.

दुसरे तत्त्व यातूनच निघते. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी देशाच्या दोन टोकांच्या. त्यांचा परस्परांशी संपर्क आल्याचा संभव अल्प. या दोहोंत एखादा पाठ जुळला, तर त्या मेळाचे मोल शेजारशेजारच्या वीस पोथ्यांच्या एकमतापेक्षा अधिक. तिसरे तत्त्व असे की, एक पाठ अवघड आणि दुसरा सोपा असेल, तर अवघड पाठ बहुधा जुना असतो. कारण नकलाकार न समजलेले सोपे करतो, समजलेले सहसा कठीण करीत नाही. परंतु यांपैकी कोणताही नियम सुखठणकरांनी यंत्रासारखा चालवला नाही. पंडित आणि यात्रेकरू यांच्याबरोबर पोथ्याही फिरल्या, कुळे मिसळली, आणि म्हणून युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी घडलेली वंशावळीची पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

अशा निवडीची किंमत भावनेलाही मोजावी लागते. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही कथा मराठी घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. आदिपर्वाच्या पाठात तिला स्थान मिळाले नाही; ती परिशिष्टात गेली. फ्रँकलिन एजर्टन यांनी सिद्ध केलेल्या सभापर्वात द्रौपदीला वस्त्रे पुरवली जातात, परंतु तिने कृष्णाचा केलेला धावा मुख्य पाठात नाही. वाचकाचे मन येथे हळहळते, आणि ते स्वाभाविक आहे. मात्र संपादकांनी वगळलेले काहीही नष्ट केले नाही. प्रत्येक पाठभेद तळटीपेत, प्रत्येक मोठा प्रक्षेप परिशिष्टात, कोणत्या पोथीत आहे त्या निर्देशासह, त्यांनी छापला. जो शब्द स्वीकारला परंतु ज्याविषयी खात्री नव्हती, त्याखाली नागमोडी रेघ दिली. निर्णय, त्याचा आधार आणि त्याविषयीची शंका, ही तिन्ही एकाच पृष्ठावर वाचकाच्या स्वाधीन केली.

आक्षेप आलेच. प्रचलित पाठ छापून त्याखाली भेद द्यावेत, नवा पाठ रचण्याच्या भरीस पडू नये, असे फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेवी यांचे मत होते. व्यासांचे मूळ शब्द सापडल्याचा दावा आपण करीत नसून उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितकेच जात आहोत, अशी सुखठणकरांची भूमिका होती. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाल्यानंतर नेपाळातील एक जुनी पोथी उजेडात आली. संपादनात तिचा उपयोग झालेला नव्हता. तरी तिने संपादकांच्या अनेक निर्णयांना दुजोरा दिला. १९४३ मध्ये सुखठणकर निवर्तले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ही धुरा वाहिली.

आज एकच वार्ता दिवसभरात पन्नास ठिकाणांहून आपल्या हाती येते, आणि ती खरी असावी असे मन म्हणू लागते. पन्नासांचे कूळ एकच आहे काय, दूरच्या आणि असंबद्ध साक्षीदाराने ती सांगितली आहे काय, सांगणाऱ्याने ती आपल्या सोयीसाठी सोपी केली आहे काय, हे प्रश्न तेव्हा विचारावेत. मिळालेले सर्व जपून ठेवण्यात श्रद्धाळू नकलाकाराने पाप केले नव्हते. परंतु जपणे म्हणजे पारखणे नव्हे. पारख करणाऱ्याने आपली नागमोडी रेघही दाखवली पाहिजे. तिच्यावाचून केलेला निर्णय कितीही विद्वत्तापूर्ण असला, तरी वाचकाला तो तपासून पाहता येत नाही.