नानांचा स्वल्पविराम

परवा जुन्या फ्लॉप्या टाकायला काढल्या आणि नाना आठवले. घरच्या वाचकांना सांगायला नकोच, आमच्या गावच्या सोसायटीचे सचिव. आपला नगर जिल्हा (2024 पासून अहिल्यानगर) सहकाराचा, त्यामुळे गावात सोसायटीला मान आणि सचिवाच्या खतावणीला त्याहून जास्त!

1991 साली मी कॉलेजात होतो. मोठ्या उत्साहात नानांना जीडब्ल्यू-बेसिकमध्ये खात्यांचा प्रोग्राम लिहून दिला.

बेसिक ही भाषा 1964 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी तयार केली. गणिताबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा हेतू. गंमत म्हणजे सुरुवातीच्या बेसिकला प्रश्न विचारताच येत नसे. सगळे आकडे प्रोग्राममध्येच आधी लिहून ठेवायचे. 'इनपुट' ही आज्ञा आली 1966 च्या तिसऱ्या आवृत्तीत. मग प्रोग्राम मध्येच थांबू लागला, टेलिटाइपवर प्रश्नचिन्ह छापून उत्तराची वाट बघू लागला.

तेच प्रश्नचिन्ह पंचवीस वर्षांनी नानांसमोर आले. सकाळपासून त्यांनी चाळीसेक खाती भरली होती. मग एका रकमेला, आयुष्यभराच्या सवयीने, त्यांनी लिहिले 12,500.

'इनपुट'च्या लेखी स्वल्पविराम म्हणजे दोन वेगळी उत्तरे. पडद्यावर इंग्रजीत उमटले, 'रीडू फ्रॉम स्टार्ट'. खरे तर त्याला तेवढेच एक उत्तर पुन्हा हवे होते. नानांनी अर्थ लावला, सगळे पहिल्यापासून! घाबरून त्यांनी बटण बंद केले. आणि मी खाती फ्लॉपीवर उतरवायची सोय शेवटी ठेवलेली... सगळी गेली.

नाना रागावले नाहीत. "आरं, याला स्वल्पविराम कळत नाही का?" एवढेच म्हणाले आणि खतावणी उघडून बसले. मला मान वर करवेना. हिशेबात मुरलेल्या माणसाला माझ्या प्रोग्रामने चुकीचे ठरवले होते.

महिन्याभरात 'लाइन इनपुट' शिकलो. ही आज्ञा स्वल्पविरामासकट अख्खी ओळ घेते. स्वल्पविराम गाळायचे काम प्रोग्रामला दिले. प्रश्न रोमन अक्षरांत पण मराठीत केले, 'रक्कम किती?' भरलेली रक्कम परत दाखवून 'बरोबर? हो/नाही' विचारले. प्रत्येक खाते लगेच फ्लॉपीवर.

नानांनी मुद्दाम 12,500 च लिहिले. पडद्याकडे बघत म्हणाले, "आता नीट विचारतंय."

खतावणी मात्र त्यांनी शेवटपर्यंत बंद केली नाही. असो.