अंतर्कर्णातील मूलपेशीसदृश पेशी

अंतर्कर्णातील मूलपेशीसदृश पेशी या कर्णावर्तातील (कॉक्लिया) रोमपेशींना आधार देणाऱ्या पेशींपैकी काही पेशी होत. अनुकूल परिस्थितीत त्यांचे विभाजन होऊन नव्या रोमपेशी निर्माण होऊ शकतात. सस्तन प्राण्यांत ही क्षमता जन्मानंतर लवकरच लोप पावते. ती पुन्हा जागृत करून बहिरेपणावर उपचार शोधण्याचे प्रयत्न सुरू आहेत. मात्र अशा कोणत्याही उपचाराला अद्याप मान्यता मिळालेली नाही.

रचना व कार्य

मानवी कर्णावर्तात सुमारे १५,००० रोमपेशी असतात. ध्वनिकंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करणे हे त्यांचे कार्य आहे. मोठा आवाज, वार्धक्य, आनुवंशिक दोष, मेंदूज्वर तसेच स्ट्रेप्टोमायसिन व कॅनामायसिन यांसारखी, क्षयरोगावर दीर्घकाळ वापरली गेलेली औषधे यांमुळे त्या नष्ट होतात. एकदा नष्ट झालेल्या रोमपेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत.

संशोधन

पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे. आधारपेशींपासून पक्ष्यांत रोमपेशी नव्याने निर्माण होतात, हे १९८८ मध्ये दाखवण्यात आले. २००३ मध्ये प्रौढ उंदराच्या कानातील समतोल राखणाऱ्या भागात मूलपेशी आढळल्या, तर २००६ मध्ये नवजात उंदराच्या कर्णावर्तातील आधारपेशींपासून प्रयोगशाळेत रोमपेशी मिळवण्यात आल्या. पुढे अशा पेशी एलजीआर५ या प्रथिनावरून ओळखता येऊ लागल्या. आतड्यातील मूलपेशींची खूणही हेच प्रथिन आहे. रोमपेशी शेजारच्या पेशीला ‘नॉच’ नावाच्या संदेशमार्गाने आधारपेशीच राहण्यास भाग पाडते. हा संदेश औषधाने रोखल्यावर आवाजाने बहिऱ्या झालेल्या प्रौढ उंदरांची श्रवणशक्ती अंशतः परतली (२०१३).

माणसांवरील अनुभव मात्र निराशाजनक ठरला. आधारपेशींना चालना देण्यासाठी कानाच्या पडद्यातून टोचले जाणारे एफएक्स-३२२ हे औषध दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही व २०२३ मध्ये त्याचे काम थांबवण्यात आले. ओटोफर्लिन जनुकातील दोषामुळे जन्मतः बहिऱ्या असलेल्या काही मुलांना जनुकोपचाराने ऐकू येऊ लागल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्यात रोमपेशी मुळातच शाबूत असतात, नव्या तयार होत नाहीत. बातम्यांत या दोहोंची अनेकदा गल्लत होते.

शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात

ठाणे जिल्ह्यातील या दोन ग्रामीण, आदिवासीबहुल तालुक्यांसाठी आज उपयोगाचे आहे ते लवकर निदान. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश असून त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणी करतात. मात्र तान्ह्या बाळाचा बहिरेपणा नुसत्या निरीक्षणाने सहज लक्षात येत नाही. त्यासाठी ओएई व बेरा या यंत्राधारित चाचण्या लागतात. भाषा शिकण्याची मेंदूची क्षमता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असल्याने श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांटला झालेला उशीर नंतर भरून काढणे कठीण जाते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग संस्था ही केंद्राच्या एडिप योजनेतील कॉक्लियर इम्प्लांटसाठीची समन्वयक संस्था आहे. शहापूरकरांना आसनगावहून लोकल मिळते. मुरबाडहून आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. शस्त्रक्रियेनंतरचे वाचाप्रशिक्षण दीर्घकाळ चालत असल्याने मजुरी बुडवून कराव्या लागणाऱ्या या फेऱ्यांचा भार कुटुंबावर पडतो.

कान वाहणे किंवा पडद्याला छिद्र पडणे यामुळे कमी ऐकू येणे हा मध्यकर्णाचा विकार आहे. त्याचा रोमपेशींशी सहसा संबंध नसतो आणि तो औषधांनी वा शस्त्रक्रियेने बहुधा बरा होतो.

नियमन

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मोजक्या आजारांतील रक्तोत्पादक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. बहिरेपणासाठी पैसे घेऊन दिले जाणारे ‘मूलपेशी इंजेक्शन’ या चौकटीत बसत नाही.