हिमस्खलन नेमकं का होतं? बर्फात फिरायला जाण्याआधी या गोष्टी माहीत हव्यात

४ एप्रिल २०२३. सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, 'पंधरावा मैल' या भागात हिमस्खलन झालं आणि सात पर्यटकांचा जीव गेला. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच परवानगी होती, असं अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं होतं.

त्याच वर्षी १ फेब्रुवारीला काश्मीरमधल्या गुलमर्गजवळ, अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात मरण पावले.

म्हणजेच हा धोका फक्त एव्हरेस्टवर जाणाऱ्यांना असतो, असं नाही. बर्फात फोटो काढायला उतरलेल्यांनाही तो तितकाच आहे.

बर्फ घसरतो कसा?

डोंगरावरचा बर्फ थरांमध्ये साचतो. कडाक्याच्या थंडीत काही थरांतले कण साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांना चिकटत नाहीत. त्यावर नवा बर्फ पडला किंवा वाऱ्याने आणून टाकला, की वर जड, सलग थर तयार होतो.

ताटात साखर पसरा, वर जाड पुस्तक ठेवा आणि ताट तिरकं करा. पुस्तक घसरेल. इथेही तेच होतं. कमकुवत थर एका ठिकाणी मोडला, की तडा क्षणात पसरतो आणि अख्खा थर खाली येतो. त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो.

सर्वाधिक धोका ३० ते ४५ अंशांच्या उतारावर असतो. पण उताराच्या पायथ्याशी, सपाट जागेवर उभं राहणंही सुरक्षित नाही. वरून सुटलेला बर्फ तिथेच येऊन थांबतो.

ओरडल्याने हिमस्खलन होतं का?

नाही. हा सिनेमांनी पसरवलेला समज आहे. माणसाच्या आवाजात तेवढी ताकद नसते, वजनात मात्र असते. स्कीइंग किंवा गिर्यारोहण करणारे लोक ज्या हिमस्खलनात सापडतात, ते बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वजनानेच सुटलेलं असतं.

धोका कसा ओळखायचा?

- गेल्या २४ तासांत जोरदार बर्फवृष्टी झाली आहे किंवा जोराचा वारा सुटला आहे
- आसपासच्या उतारांवर नुकताच बर्फ घसरल्याच्या खुणा आहेत
- चालताना पायाखालून 'धप्प' असा दबका आवाज येतो किंवा बर्फात तडे जातात
- ऊन किंवा पावसामुळे तापमान अचानक वाढलं आहे

यातलं एक जरी दिसलं, तरी तीव्र उतारापासून लांब राहा.

भारतात डीआरडीओची चंदीगडमधली 'डीजीआरई' ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. राज्यांचे आपत्ती व्यवस्थापन विभाग ते प्रसिद्ध करतात. त्यात जिल्हा, उंची आणि धोक्याची पातळी दिलेली असते. निघण्याआधी ते नक्की बघा. पातळी 'मध्यम' असली, तरी 'चालतंय की' असा अर्थ काढू नका.

गाडलं गेल्यावर किती वेळ मिळतो?

फार कमी. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वाचतात. त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने घसरतं. बहुतेक मृत्यू गुदमरून होतात. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, त्यामुळे स्वतःहून बाहेर येणं जवळपास अशक्य असतं.

बचाव पथक एवढ्या लवकर क्वचितच पोहोचतं. म्हणून ठरलेली वाट सोडून बर्फात जाणाऱ्या प्रत्येकाकडे तीन वस्तू लागतात: ट्रान्सीव्हर (सिग्नल देणारं आणि शोधणारं यंत्र), बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब काठी आणि फावडं. ती वापरण्याचा सरावही हवा. धोकादायक उतार एकेकाने पार करावा, म्हणजे बाकीचे मदतीला मोकळे राहतात.

अडकलात तर?

ओरडून सोबत्यांना सावध करा आणि बाजूला निसटायचा प्रयत्न करा. वेग कमी होऊ लागला, की हात तोंडासमोर धरून श्वासासाठी जागा करा. सोबत्यांनी ती व्यक्ती शेवटची कुठे दिसली, ते लक्षात ठेवावं आणि वरून पुन्हा बर्फ येत नाही ना, हे पाहून लगेच शोध सुरू करावा.

सहलीला गेलेल्यांकडे यातलं एकही साधन नसतं. त्यामुळे त्यांच्यासाठी नियम सोपा आहे: परवानगी आहे तिथपर्यंतच जा. ड्रायव्हर किंवा स्थानिक माणूस 'पुढे नको' म्हणाला, तर तिथूनच मागे फिरा.