पुन्हा लाव नं

साल १९५३. बुधवारची संध्याकाळ. वाशीममधल्या एका माडीचा लाकडी जिना तुम्ही चढताय. तालुका अकोला जिल्ह्यात, राज्य मध्यप्रदेश. वाशीम जिल्हा व्हायला अजून पंचेचाळीस वर्षं आहेत. खालून सरकीचा वास येतोय. वर कंदिलाच्या उजेडात सतरंजीवर सहा-सात जण दाटीनं बसलेत, मधोमध चावीचा ग्रामोफोन. कुणी नाव विचारत नाही, फक्त सरकून जागा देतात.

"बसा नं भाऊ. पाय मात्र हलवू नका, फळ्या हालतात अन् सुई उडते."

सरकारी रेडिओवरून सिनेमाची गाणी गेल्या वर्षापासून जवळजवळ हद्दपार झालीत. मंत्री बाळकृष्ण केसकरांना ती हलकी वाटतात. म्हणून बुधवारी आठला बॅटरीचा रेडिओ सिलोनवर लावायचा, खरखरीतून अमीन सयानींचा आवाज पकडायचा. तोवर तबकड्या. ज्यानं त्यानं आपली आवडती आणलीय, उपरण्यात गुंडाळून.

एक जण आपली तबकडी काढतो. फक्त कडेला धरून ती उजेडाकडे तिरपी करतो, धोतराच्या सोग्यानं पुसतो, सुई बदलतो. 'अलबेला'मधलं 'दीवाना परवाना'.

लता मंगेशकर आणि चितळकर. वाद लगेच पेटतो.

"संगीत सी. रामचंद्र, अन् गाणारा चितळकर. दोन माणसं हायेत."

"काहून दोन? एकच हाये थो!"

एकच आहे. पुणतांब्याचा रामचंद्र नरहर चितळकर, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेला. गायला बसला की चितळकर, चाल बांधली की सी. रामचंद्र. पण कोपऱ्यातला लग्नाच्या बँडमधला वादक या वादात नाही. डोळे मिटून तो तिसऱ्याच आवाजाकडे कान लावून बसलाय.

"थो ट्रम्पेटवाला ऐका. दम कुठी घेते थो?"

ते नाव तबकडीवर नाही. या खोलीत ते फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि सांगितल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही: आंतोनियो शावियेर वाझ, गोव्यातल्या अल्दोन्याचा. मुंबई त्याला चिक चॉकलेट म्हणते. सी. रामचंद्रांच्या सुरावटींना स्टुडिओत बँडचा साज चढवायला तोच मदत करतो. ताजमध्ये तो जॅझ वाजवतो, आणि लुई आर्मस्ट्राँगवर त्याचा इतका जीव की लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणतात. 'अलबेला'च्या पडद्यावरही तो आपल्या बँडसह दिसतो.

बँडवाला डोळे उघडतो. "वाझ," तो हळूच म्हणून पाहतो. मग पुन्हा, जरा मोठ्यानं. श्रेयनामावलीत असल्या वादकांना जागा मिळाली नाही, हा आपल्या सिनेसंगीतावरचा मोठा डाग आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यांची फुंक साऱ्या देशानं ऐकली. नाव मात्र असं एखाद्या माडीवर, एका कानातून दुसऱ्या कानात जायचं.

"पुन्हा लाव नं."

चावी फिरते. आता सगळे ट्रम्पेटची वाट पाहतायत. चितळकर गातात, लता उत्तर देते, आणि ज्याची वाट पाहिली तो सूर आला तसा बँडवाल्याचा अंगठा सतरंजीवर ठेका धरू लागतो. शेजाऱ्याची टाच. मग तुमची. फळ्या हालतात, सुई उडते, कुणी रागावत नाही.

आठ वाजून गेलेत. रेडिओ कुणी लावलेला नाही. यजमान डबीतून नवी सुई काढतो.